रस्टप्रसारक, क्रॉक्सधारी साहेबांस खुले पत्र

मा. साहेब,



आपण परवा माझ्या टेबलापाशी येऊन माझी प्रोग्रॅमिंगची भाषा आणि माझी चप्पल या दोहोंची एकाच दमात झाडाझडती घेतलीत, त्याबद्दल आभार. पायथॉन मंद आणि कोल्हापुरी गैरसोयीची, हा निकाल चहा निवायच्या आत लागला. आपल्या न्यायालयांनी हा झपाटा घेण्यासारखा आहे.

पायथॉन मंद आहे, कबूल. १९९१ पासूनच आहे. पण माझी स्क्रिप्ट एक तारखेला पहाटे एक्सेलच्या फायली वाचून हजेरीचा तक्ता काढते. दोन मिनिटं घेते. तेव्हा मी झोपलेला असतो. रस्टमध्ये ती दोन सेकंदांत आटोपली, तर वाचलेला वेळ झोपेतल्या झोपेत कुठे खर्च करू, तेही सांगून ठेवा. शिवाय जड आकडेमोड नमपाय करतं, आणि त्याच्या पोटात सी आहे. सीला मंद म्हणायची आपलीही छाती होणार नाही.

रस्ट थोर आहे, वादच नाही. मेमरीच्या बऱ्याच चुका प्रोग्रॅम चालायच्या आधीच पकडते, तेही गार्बेज कलेक्टरशिवाय. ब्राउझरचं इंजिन लिहायचं असतं तर मी आपल्याकडे शिकवणी लावली असती. पण चार ओळींच्या कामासाठी आपण दुपारभर रस्टच्या बॉरो चेकरशी हुज्जत घालता आणि शेवटी वैतागून दिसेल तिथे क्लोन टाकता. मी मागच्या बाकावरच बरा, साहेब.

आता चप्पल. आपले क्रॉक्स हलके, धुवायला सोपे. हिंजवडीच्या पावसात भोकांतून आत आलेलं पाणी भोकांतूनच बाहेर जातं. कोल्हापुरी भिजली की बिघडते. नवी असताना अंगठ्यापाशी चावते, रात्री तेल चोळून ठेवावी लागते. पण एकदा पावलाचा आकार धरला की मे महिन्यात तिच्यासारखं सुख नाही. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ साली प्राडानं मिलानच्या शोमध्ये तशाच चपला मिरवल्या आणि ओरड झाल्यावर मूळ भारतातलं असल्याचं मान्य केलं. उसनवारी तपासणारा आपला बॉरो चेकर खरं तर त्या दिवशी तिथे हवा होता.

आपल्या मजल्यावरचे एक काका कोबोलमध्ये बँकेचा कोड सांभाळतात आणि मोज्यांवर सँडल घालतात. त्यांना मात्र आपण कधी उपदेश केला नाहीत. आपला पगार त्याच कोडमधून जात असेल, ही धास्ती असावी.

तेव्हा पुढच्या वेळी याल तेव्हा आधी एवढं विचारा, की काम कुठे अडलंय आणि पाय कुठे सोललाय. उत्तर ‘कुठेच नाही’ असं आलं, तर चहा घ्या आणि जा.

आपला,
एक पायथॉनवाला

ता. क. पावसाळ्यात मीही फ्लोटर्स घालतो आणि वेबपेजसाठी जावास्क्रिप्ट लिहितो. यातलं एकही हौसेनं करत नाही.