प्रभारी

सरांना पुढं काय व्हायचंय, हे विचारायची सोय नाही. विचारलं की अर्धा तास जातो आणि निघताना आपल्यालाच कुठलीशी पदविका करायचा सल्ला मिळतो. मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका त्यांनी केली, मग शिक्षणशास्त्रात एम.ए. झाले. सध्या पीएच.डी.साठी विषय शोधताहेत. विषय मिळाला की नोंदणी, नोंदणी झाली की पदवी आणि मग... पुढचं ते बोटानं वर दाखवतात. वर म्हणजे पंचायत समितीचा पहिला मजला. तिथं गटशिक्षणाधिकारी बसतात.

२००१ साली शिक्षणसेवक म्हणून लागले, तेव्हा स्वप्न आटोपशीर होतं. महिना ३,००० रुपये मानधनावर तीन वर्षं काढायची आणि कायम व्हायचं. शाळा वस्तीवरची, दोनशिक्षकी. त्या दिवसांत मी त्यांचा दुसरीचा वर्ग पाहिलाय. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे होते. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेऊन पाच पोरं दशकाच्या घरात उभी, दोन सुट्या काड्या घेऊन एक पोरगी एककाच्या घरात. सर तिच्या दाराशी सात काड्या मागायला गेले.

"घरात दोनच हैत."

"मग शेजारी माग की!"

पोरीनं शेजारून गठ्ठा आणला, रबर सोडलं, बारा मोजल्या, सात सरांच्या हातावर ठेवल्या आणि वर बजावलं, "परत आणून द्या!" हातच्याचं गणित मला कुणी असं शिकवलं असतं, तर मी मास्तर कशाला झालो असतो?

कायम झाल्यावर स्वप्न तालुक्याजवळच्या बदलीचं झालं. बदली झाली. मग आदर्श शिक्षक पुरस्कार. त्याचा प्रस्ताव आपला आपणच करायचा असतो. स्वतःच्या नावामागं 'उपक्रमशील' लिहायला हात धजावा लागतो; सरांचा धजावला. फाइल एवढी जाड झाली, की ती मोटारसायकलच्या डिकीत मावेना. दुसरीची दोन पोरं फोटोंना क्रमांक घालायला बसवली होती. तेवढी शंभरापर्यंतची उजळणी मात्र पक्की झाली.

२०१५च्या सुमारास ज्ञानरचनावाद आला. साताऱ्याकडचं कुमठे बीट पाहायला राज्यभरातून शिक्षक गाड्या भरून जात होते. आम्हीही गेलो. तिथली चिमुरडी पोरं आपापली गटात बसून वाचत होती, गणितं करत होती, मास्तरकडे ढुंकून बघत नव्हती. आम्ही सगळे पोरांकडे बघत राहिलो. सर मात्र ज्या विस्तार अधिकारी बाईंनी हे उभं केलं होतं, त्यांच्याभोवतीची गर्दी बघत होते. परत आल्यावर त्यांनी वर्गाची फरशी ऑइलपेंटनं रंगवून घेतली. मणी, घरं, सापशिडी, सगळं. रंग खराब होऊ नये म्हणून पुढं कितीतरी दिवस पोरं व्हरांड्यात बसत होती.

मग केंद्रप्रमुखपद. विभागीय परीक्षेसाठी सरांनी पुस्तकं आणली, पहाटेचा गजर लावला. परीक्षा पुढं ढकलली गेली. गजर वाजत राहिला. तेवढ्यात आमच्या केंद्राची खुर्ची रिकामी झाली आणि सेवाज्येष्ठतेनं पदभार सरांकडे आला. पगार तोच, वर्ग तोच, शिवाय दहा शाळा गळ्यात. दुसरा कुणी रडला असता. सरांनी त्याच संध्याकाळी शिक्का करून घेतला. 'केंद्रप्रमुख' ठसठशीत, अलीकडचं 'प्रभारी' वाचायला भिंग लागतं.

माहिती भरायच्या लिंक पाठवणाऱ्यांना वर्षानुवर्षं शिव्या घालणारे सर आता रात्री पावणेअकराला लिंक पाठवतात. खाली 'अतितातडीचे', पुढं तीन उद्गारचिन्हं. महिन्याच्या शिक्षण परिषदेत 'वेळेचं नियोजन' ह्या विषयावर ते बोलायला उभे राहतात आणि भात निवतो. त्यांच्या दुसरीच्या वर्गावर कोण आहे, हे परिषदेत विचारायचं नसतं. विचारलंच, तर 'स्वयंअध्ययन' चालू असतं.

पण माणूस जाणता आहे, हे कबूल करायला हवं. परवा एका शाळेला भेट होती, मीही बरोबर होतो. तिथल्या नव्या मास्तरांनी परसबाग दाखवली. आखीव वाफे आणि त्यांत ओळीनं हिरवागार पालक. जिओटॅग फोटो आदल्या दिवशीच ग्रुपवर पडला होता. सर वाकले, एक रोप अलगद उचललं. खाली मूळच नव्हतं. जुडी बाजाराची. मास्तरांचा चेहरा उतरला. सरांनी रोप होतं तिथं पुन्हा खोचलं, माती दाबली, मास्तरांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना कडुनिंबाखाली नेलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"अहो, पालक कापून बांधतात. मेथी आणायची. ती मुळासकट येते."

मग ऑफिसात चहा घेतला, शेरेबुक मागवलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं : परसबाग समाधानकारक. भाज्यांमध्ये विविधता आणावी.