दहा जागा, चार इच्छुक आणि एक मेव्हणा

क्वीन या इंग्लिश रॉक बँडचे १९७३ ते १९९५ या काळात पंधरा स्टुडिओ अल्बम निघाले. त्यांतली सर्वोत्तम दहा गाणी निवडून क्रमाने लिहायची, एवढंच मला करायचं होतं. कागद होता, पेन होतं, रविवार होता. पण हे काम शांतपणे पार पडू नये अशी तजवीज बऱ्याच जणांनी मिळून केलेली आहे, आणि त्यांतले चार जण खुद्द बँडमधले आहेत.

आधी या चौघांबद्दल. शहाण्या बँडमध्ये एक किंवा दोघं गाणी लिहितात. बाकीचे वाजवतात आणि फोटोत कडेला उभे राहतात. क्वीनमध्ये चौघंही लिहायचे, आणि पुढच्या माणसाच्या सोयीचा जराही विचार न करता चौघांचीही गाणी गाजली. 'किलर क्वीन' फ्रेडी मर्क्युरीचं, 'वी विल रॉक यू' गिटारवाल्या ब्रायन मेचं, 'रेडिओ गा गा' ड्रमवाल्या रॉजर टेलरचं. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' आणि 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री' ही दोन्ही बास वाजवणाऱ्या जॉन डीकनची. त्यामुळे यादी करायला बसलं की ते थेट तिकीटवाटप होतं. मर्क्युरीला पाच जागा सोडल्या की मे गटात अस्वस्थता. मेला तीन दिल्या की टेलर बंडखोरीच्या तयारीत. १९८९च्या 'द मिरॅकल'पासून सगळ्या गाण्यांखाली चौघांचं मिळून 'क्वीन' हे एकच नाव लावायचं त्यांनी ठरवलं आणि भांडणं मिटली. त्यांची मिटली. आधीच्या सोळा वर्षांचं निस्तरायचं मात्र आमच्यावर टाकून दिलं.

या वाटपात मार खातो तो डीकन. तो कमी बोलायचा, स्टुडिओत गायचा नाही, आणि १९९७ नंतर तर संगीतातून निवृत्त होऊन घरीच बसला. नाराजी कळवायलाही येणार नाही, असा उमेदवार कापणं सगळ्यांत सोपं. पण 'अनदर वन' कापायचं कसं? ते १९८० साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, आणि ते सिंगल म्हणून काढा असं सांगणाऱ्यांत मायकल जॅक्सन होता. शिवाय त्याची गती मिनिटाला एकशेदहा ठोक्यांच्या आसपास. आमच्या ऑफिसात प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायची, आणि गती चुकू नये म्हणून मनात एखादं ओळखीचं गाणं धरायचं. मी हे धरलं. कोणतं धरलंत असं त्यांनी विचारल्यावर सांगितलंही. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, पण मनातल्या मनातच म्हणा. शेजारी नातेवाईक असतात."

मग मेव्हणा आला. त्याने नवी गाडी घेतली आहे. ती हप्त्यांवर आहे, आणि क्वीनच्या तबकडी कंपनीचं नावही ईएमआय, त्यामुळे क्वीन आणि तो दोघंही ईएमआयशी बांधलेले, एवढं एक साम्य मला मान्य आहे. पण त्याला कोणीतरी सांगितलं की क्वीनचं 'आय ॲम इन लव्ह विथ माय कार' नावाचं गाणं आहे, आणि तेव्हापासून त्याचं एकच म्हणणं: "दाजी, एक नंबरला हेच." गाणं त्याने एकदाच ऐकलंय, तेही गाडीत, रिव्हर्स घेताना, सेन्सर वाजत असताना.

त्या गाण्याचा इतिहास त्याला सांगायची सोय नाही, कारण तो त्याच्याच पथ्यावर पडतो. गाणं टेलरचं. १९७५ साली 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची तबकडी निघाली तेव्हा तिच्या मागच्या बाजूला हे घातलं. तबकडी विकत घेणारा दोन्ही बाजूंचे पैसे देतो, म्हणून पुढच्या गाण्याला जेवढं मानधन तेवढंच मागच्यालाही मिळालं. आपलं गाणं मागे लागावं म्हणून टेलर कपाटात कोंडून घेऊन बसला होता, असंही सांगतात. म्हणजे जगभर लोकांनी विकत घेतलं फ्रेडीचं गाणं, आणि निम्मे पैसे गेले गाडीच्या गाण्याला. हे ऐकून मेव्हणा म्हणाला, "बघा, माणूस व्यवहारी होता." यादीत त्याला स्थान नाही. गाण्यालाही नाही.

आता खुद्द 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. हे गाणं म्हणजे यादी करणाऱ्याला दिलेला त्रास आहे. पहिल्या क्रमांकावर ठेवलं तर जाणकार म्हणतात, याला एवढंच माहीत आहे. पाचव्यावर ठेवलं तर तेच जाणकार म्हणतात, याला वेगळं दिसायची हौस आहे. वगळलं तर घरातलेच लोक तब्येतीची चौकशी करतात. लांबी पाच मिनिटं पंचावन्न सेकंद, ध्रुवपद नाही. एवढं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार असं तेव्हा भलेभले म्हणत होते, आणि मग केनी एव्हरेट नावाच्या निवेदकाने लंडनच्या कॅपिटल रेडिओवर एका शनिवार-रविवारात ते चौदा वेळा लावलं. पुढे ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिला क्रमांक. १९९१च्या नोव्हेंबरात फ्रेडी गेल्यावर पुन्हा पाच आठवडे पहिला क्रमांक. एवढं झाल्यावर माझ्या यादीतल्या पहिल्या क्रमांकाची त्याला काय गरज आहे, हे मला कोणी समजावून सांगावं.

शिवाय त्यातल्या ऑपेराच्या भागाची मला वेगळी तक्रार आहे. मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांनी आवाजावर आवाज इतके चढवले की फीत झिजून आरपार दिसायला लागली, असं बँडवालेच सांगत. झालं असं की एवढा गाजलेला भाग त्यांना स्वतःलाच मंचावर गाता येईना. मैफलीत तेवढा तुकडा टेपवर वाजायचा आणि चौघं आत निघून जायचे. १९८५च्या लाइव्ह एडमध्ये वेळ वीसेक मिनिटांचीच होती. तिथे तर गाणं ऑपेराच्या आधीच तोडलं आणि पुढचं सुरू केलं. या गाण्याच्या व्हिडिओतलं चार चेहऱ्यांचं जे चित्र जगात सर्वांत ओळखीचं आहे, त्यात डीकनचा चेहरा आहे. आवाज त्या गाण्यात कुठेच नाही. असल्या गाण्याला मी तिसरा क्रमांक दिला आहे. तिसऱ्या क्रमांकावर दोन्ही बाजूंचे लोक सारखेच चिडतात.

'वी विल रॉक यू' आणि 'वी आर द चॅम्पियन्स' यांचं वेगळंच. १९७७च्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'वर ती पहिली आणि दुसरी, सिंगलच्या तबकडीवर पाठीला पाठ लावून, आणि रेडिओवरही बऱ्याचदा जोडीनेच लावतात. मग एक जागा धरायची की दोन? एक मेचं, दुसरं मर्क्युरीचं. एक धरली तर कोणाच्या खात्यातून वजा करायची? दुसऱ्याबद्दल मी फार बोलत नाही. गल्लीतल्या अंडरआर्म सामन्यांनंतरही ते वाजतं, आणि हरलेल्या संघाच्या बाजूनेही वाजतं.

पहिल्याबद्दल मात्र बोलायलाच हवं. यात ड्रम नाहीत. पाय आपटल्याचे आणि टाळ्यांचे आवाज एकावर एक घेतलेत, आणि मोठा जमाव वाटावा पण प्रतिध्वनी घुमू नये म्हणून मेने त्या आवाजांमधली अंतरं मूळसंख्यांच्या हिशेबाने ठेवली. माणूस खगोलभौतिकीचा, अर्धवट राहिलेली पीएचडी त्याने २००७ साली पूर्ण केली. एवढा विचार करून त्याने रचलं काय, तर दोन वेळा पाय, एक टाळी आणि त्यानंतर एक रिकामी जागा. गाणं आहे ते त्या रिकाम्या जागेत. आणि आजवर मी एकही शालेय स्नेहसंमेलन असं पाहिलेलं नाही, जिथे ती जागा रिकामी राहिली. कोणीतरी तिथे आणखी एक टाळी घालतो, मागून बाकं वाजतात, सूत्रसंचालन करणाऱ्या बाई माइकवर "जोरात!" म्हणतात. रिकामी जागा दिसली की कोणीतरी तिथे रुमाल टाकून ठेवणारच.

या गोंधळात क्वीनवरच्या २०१८च्या सिनेमाने भर घातली. सिनेमात हे गाणं सुचतं तेव्हा फ्रेडी मिशी ठेवून आत येतो. गाणं १९७७चं; मिशी नंतरची. हे मी एकदा जेवणाच्या पंगतीत सांगितलं. समोरचे गृहस्थ म्हणाले, "अहो, पण मी स्वतः पाहिलंय." त्याच सिनेमात 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' हे १९७८चं गाणं सत्तरीच्या पूर्वार्धातल्या अमेरिका दौऱ्यात वाजतं, हे मी मग सांगितलंच नाही. भात संपत आला होता.

मराठी माणसाशी क्वीनबद्दल बोलण्यातली मुख्य अडचण पाचगणी. फरोख बलसारा नावाचा पारशी मुलगा झांझिबारहून लहानपणी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला, तिथे पियानो शिकला, १९५८च्या सुमारास शाळेतल्या मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण 'समबडी टू लव्ह' वर घ्यावं की 'किलर क्वीन', असं विचारलं की समोरचा म्हणतो, "तो पाचगणीचा ना?" हो. "आम्ही मागच्या मे महिन्यात गेलो होतो." मग स्ट्रॉबेरी येते, टेबललँड येतं, हॉटेलवाल्याने रूमचे किती घेतले ते येतं, आणि यादी आहे तिथेच. एका काकांना वाटत होतं की पाचगणीवर त्याचं एखादं तरी गाणं असणार, आणि ते मी मुद्दाम दडवतोय. या बँडने सायकलवर गाणं केलं, त्यात सायकलच्या घंट्या वाजवल्या. राय नावाच्या, नकाशावर नसलेल्या मुलखातल्या सात समुद्रांवर केलं. पाचगणीवर केलं नाही. काकांनी हे माझ्यावरच धरलं आहे.

दुसऱ्या क्रमांकावर 'द प्रोफेट्स साँग'. हे मेचं, आठ मिनिटांहून लांब, आणि मधोमध सगळी वाद्यं थांबून फ्रेडीचा एकटा आवाज उरतो. तो गातो, तेच क्षणभराने टेपमधून परत येतं, त्यावर तो पुढचं गातो, तेही परत येतं, आणि थोड्या वेळाने एकाच माणसाची तीन माणसं एकमेकांच्या मागे धावायला लागतात. कॉलेजात हे मला एकाने साठच्या कॅसेटवर भरून दिलं. ए साइडला चार मिनिटांची फीत उरली होती. कॅसेट वाया जाऊ नये म्हणून त्याने त्यात आठ मिनिटांचं गाणं घातलं. बरोबर त्या धावपळीत फीत संपायची आणि टेपरेकॉर्डरचं बटण खटकन वर यायचं. आज फोनवर संपूर्ण गाणं मिळतं, 'रीमास्टर्ड २०११' अशी शेपटी लावून. प्रत्येक गाण्याला ती शेपटी. यादी फोनवरून उतरवून काढावी म्हटलं तर अर्धा कागद 'रीमास्टर्ड'नेच भरतो.

सातव्या क्रमांकावर आहे ''३९'. हेही मेचंच. काही लोक अंतराळात जातात, त्यांच्या हिशेबाने वर्षभराने परत येतात, तर पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली असतात. आइनस्टाइनची सापेक्षता आणि वाजतं लोकगीतासारखं. डीकनने त्यात डबल बास वाजवला आहे. गाणं निर्दोष आहे, नाव तेवढं नाही. सात लिहून टिंब दिलं आणि पुढे ३९ लिहिलं की काय होतं, ते तुम्हीच लिहून बघा. यादी फ्रिजवर लावली होती. पाहुणे आले, त्यांनी वाचली आणि विचारलं, "सात एकोणचाळीस कुठून सुटते? फास्ट आहे का?" सहावर आणलं तरी लोकलच होते. दहावर नेलं तर मेगाब्लॉकच्या दिवसांत लोक फोटो काढून नेतील.

पहिला क्रमांक १९७६च्या 'समबडी टू लव्ह'ला. यावर चर्चा नाही. फ्रेडीला अरेथा फ्रँकलिनचं गाणं आवडायचं, अमेरिकेतल्या चर्चमधला तो सामुदायिक सूर त्याला हवा होता, आणि त्यासाठी गायकांचा ताफा न आणता पुन्हा त्याच तिघांनी आवाजावर आवाज घेतले. पण इथे ते कारागिरी दाखवायला घेतलेले नाहीत. एक माणूस दिवसभर राबून घरी येतो आणि देवाला जाब विचारतो. मागचा जमाव त्याची समजूत काढत नाही, तोच प्रश्न त्याच्याबरोबर विचारत राहतो. शेवटाकडे सगळं खाली उतरतं आणि एकाच ओळीवर हळूहळू पुन्हा चढत जातं. नेमकं याच ठिकाणी आमच्या घरात कोणीतरी मिक्सर लावतं. चटणी दुसऱ्या कुठल्याही वेळी होऊ शकते, हे मी अनेकदा सांगून पाहिलं. "अहो, मग ते गाणं तुम्ही दुसऱ्या वेळी लावा," असं उत्तर मिळालं.

उरला दहावा क्रमांक. त्यासाठी माझ्याकडे 'टेओ टोरिआटे', 'स्प्रेड युअर विंग्ज' आणि 'इन्युएंडो' अशी तीन तोलामोलाची नावं होती. पण समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना कळलं की शेवटच्या काळात फ्रेडीने आपल्या मांजरीवर 'डिलायला' नावाचं गाणं केलं आहे, आणि त्यात तो म्यांव म्यांव करतो. वहिनींकडे तीन मांजरी आहेत. गाणं सामान्य आहे. त्यातली गिटारही म्यांव करते. दहावा क्रमांक मी त्याला देऊन टाकला. आमच्या घराची दुसरी किल्ली वहिनींकडे असते.