टू बीएचकेचा म्हातारचळ

कुणाला सांगू नका, पण आमच्या बी विंगमधल्या बँकवाल्या काकांचं वाकडला काहीतरी आहे. आठवड्यातून दोनदा भर दुपारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटर काढतात आणि काकूंनी विचारलं, तर "जरा काम होतं" म्हणतात. काकू बरेच दिवस गप्प राहिल्या. मग एकदा धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी सापडली: 'सातवा मजला, पूर्वेकडे तोंड, झाकलेलं पार्किंग.' तेव्हा कुठे बिंग फुटलं. काका रिटायरमेंटच्या पैशातून दुसरा फ्लॅट घेतायत. राहायला नाही हो, भाड्याने द्यायला! वय वर्षं एकसष्ट!

एकट्या काकांचं असतं तर सोडून दिलं असतं, पण ही साथच आलीय. सकाळी बागेत चक्कर मारून बाकावर टेकणारी जी मंडळी गुडघे, शुगर आणि सुना यांच्यापलीकडे जात नसत, ती आता रावेत बरं की पुनावळे यावर हातघाईवर येतात. आयुष्यभर विद्यार्थ्यांना अंथरूण पाहून पाय पसरायला शिकवणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका परवा रविवारी सॅम्पल फ्लॅटच्या गादीवर बसून स्प्रिंग तपासत होत्या म्हणे. एक गृहस्थ तर जावयाला वाढदिवसाची भेट म्हणून बिल्डरचं ब्रोशर देऊन आले. जावई अजून सावरलेले नाहीत.

आता खरी गंमत. हे नवे घरमालक मुळात कोण, ठाऊक आहे का? पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांतले जुने भाडेकरू! ज्यांच्या वडिलांनी दोन खोल्यांचं भाडं वर्षानुवर्षं एका दिडकीने वाढू दिलं नाही, तीच ही प्रजा. कायदाच तसा होता म्हणा. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने बहुतेक जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर खिळवून ठेवली. महागाई कुठल्या कुठे गेली, भाडं मात्र जागच्या जागी. मालकाने कौलं बदला म्हटलं की भाडेकरू म्हणे, तुम्हीच बदला; आणि मालक म्हणे, तुमच्या भाड्यात चार कौलंसुद्धा येत नाहीत. शेवटी वाडा वाकला, बिल्डर आला, आणि भाडेकरूच्या हाती फ्लॅटची किल्ली पडली. बऱ्याच वेळा मालकाच्या वाट्याला आलेल्या फ्लॅटच्या शेजारचीच!

त्या काळी घरात एकच धाक असायचा. "बाबा रे, जागा भाड्याने देऊ नकोस, देशील तर गमावशील." आणि आता? आता तेच बाळ साठी ओलांडून म्हणतंय, लीव्ह अँड लायसन्स आहे ना, मुदत संपली की जाईल! नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मुदत संपल्यावरही राहायला दिलेली जागा कुणी सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट भाडंही मागता येतं. ज्या मंडळींनी आयुष्यभर मालकाला झुलवलं, त्यांना हे कलम तोंडपाठ आहे. चोराच्या वाटा चोरालाच माहीत!

बरं, पैशाचं काय? इथे तर तोंडात बोट घालायची वेळ आहे. वाकडचा टू बीएचके ऐंशी लाखांचा धरा. त्यावर सात टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे पाच लाख साठ हजार. वर नोंदणीचे तीस हजार. आता काकांचा स्त्रीदाक्षिण्याचा झटका बघा. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. काकूंच्या नावावर आजवर गॅसचं कनेक्शनसुद्धा नव्हतं. त्या एकदम सातव्या मजल्याच्या मालकीण होणार! ऐंशी हजार वाचतात म्हटल्यावर काका समानतेवर अर्धा तास बोलले. काकू म्हणाल्या, "मग भाडंही माझ्याच खात्यात येऊ द्या." तेव्हापासून समानतेचा विषय बंद आहे.

तर सगळं मिळून पंच्याऐंशी लाख गेले. भाडं महिना चोवीस हजार धरा. वर्षाचे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स मालकाने भरायचा, घरपट्टी भरायची, भाडेकरू बदलताना एखादा महिना घर रिकामं, एजंटची दलाली, गीझर बिघडला की प्लंबर. हातात सव्वादोन लाख उरले तर देव पावला. आणि तिकडे पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाख टाकले, तर ८.२ टक्क्यांनी वर्षाला दोन लाख सेहेचाळीस हजार येतात. दर तीन महिन्यांनी साडेएकसष्ट हजार, बिनबोभाट. पोस्टमास्तर रात्री अकराला फोन करून "काका, फ्लश चालत नाही" म्हणत नाही.

म्हणजे पंच्याऐंशी लाखांचं घर तीस लाखांच्या पासबुकापुढे हरलं. हे मी काकांना सांगितलं. काकांनी माझ्याकडे अशी करुणेने नजर टाकली की मला वाटलं, चूक माझीच. "भाडं वाढतं, घराची किंमत वाढते, तुमचं व्याज वाढतं का?" यात तथ्य नाही असं नाही. बचत योजनेचा दर पाच वर्षं तोच राहतो आणि तीस लाखांची मर्यादाही आहे. नवराबायकोंचे मिळून साठ. करातही भाड्याची बाजू जरा उजवी, घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्याच्या तीस टक्के रक्कम खर्चापोटी सरसकट सुटते. पण माझं ऐकाल तर खरं कारण हे नाहीच. पासबुक चारचौघांत काढून दाखवता येत नाही. "आमच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये" असं वाक्य मात्र लग्नाच्या पंगतीत हळूच सोडता येतं, आणि पेठेतल्या पोराला ते वाक्य बोलायला साठ वर्षं लागली.

काही जण याहून धाडसी. ते कर्ज काढतात! अठ्ठावन्नाव्या वर्षी बँकेत गेलं की बँक आधी जन्मतारीख बघते, मग हप्ते सत्तरीच्या आसपास संपवायला सांगते, आणि अमेरिकेतल्या मुलाला सहकर्जदार करा म्हणते. चाळीस लाख, साडेआठ टक्के, दहा वर्षं: महिन्याचा हप्ता साडेएकोणपन्नास हजारांच्या वर. भाडं येणार चोवीस. राहिलेला हप्ता पेन्शनमधून. याला हे लोक 'घर स्वतःच स्वतःला फेडतं' म्हणतात.

भाडेकरू निवडायची मुलाखत तर ऐकण्यासारखी असते. लग्न झालंय का? कुठल्या कंपनीत? मांसाहार? रात्री किती वाजता परत येता? पाहुणे? दुचाकी किती? इतके प्रश्न त्या काळी मुलगी बघायला जाऊन कुणी विचारले नसतील. याच काकांच्या धाकट्याला बंगळुरूत 'बॅचलर' म्हणून फ्लॅट मिळेना, तेव्हा काका महिनाभर "काय हा मागासलेपणा" म्हणून फणफणत होते. आता त्यांच्या जाहिरातीत 'फक्त फॅमिली' असं ठळक टाइपात आहे.

आणि सोसायटीचा किस्सा राहिलाच. काका आमचे दहा वर्षं खजिनदार. ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिलेत, त्यांना मनाला येईल तेवढं जास्तीचं शुल्क लावण्यात काकांचा हात कुणी धरला नसता. वाकडच्या सोसायटीतही तसंच बिल येणार असं कळलं, तेव्हा कपाटातून २००१चा शासन आदेश निघाला. घरमालक स्वतः राहत नसेल, तरी महापालिकेचे कर सोडून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. एवढी वर्षं हा आदेश कुठे होता, असं एकाने वार्षिक सभेत विचारलं. चहा आल्याने विषय पुढे ढकलला.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये हिंजवडीची आयटीवाली पोरं लॅपटॉप काखोटीला मारून आपापल्या गावी गेली आणि आजूबाजूचे कितीतरी फ्लॅट महिनोन्‌महिने रिकामे पडले, तो विषय मात्र बागेतल्या बाकावर कुणी काढत नाही. काढला की म्हणतात, अपशकुन नको.

एवढं ऐकूनही घ्यायचाच असेल, तर घ्या बापडे. पण आधी पोस्टातले तीस लाख भरा, दवाखान्यासाठी वेगळे ठेवा, आणि उरलेल्या पैशांत कर्ज न काढता बसत असेल तर तयार, वस्ती असलेल्या इमारतीतलं घर बघा. प्री-लाँच पत्तेबाजी तिशीतल्यांना करू द्या. पझेशनला पाच वर्षं लागली, तर तुमचं वय किती होईल ते बोटांवर मोजा. आणि भाडेकरार नोंदवल्याशिवाय किल्ली देऊ नका. मुलगा चांगल्या घरचा आहे, आपल्या ओळखीचा आहे, हे काहीही चालत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.