नव्व्याण्णव मेंढरांचं पुढे काय झालं?

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं, तेव्हाच मी ओळखलं की एक तर वर्गणी थकली आहे, नाहीतर काम गळ्यात पडणार आहे. वर्गणी भरलेली होती. "तरुण संघ तुम्ही घ्या," ते म्हणाले. "विषय देवाची प्रीती. पण प्रवचन नको, पोरं झोपतात." पोरंच का, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण सलाम करून निघालो.

नगर जिल्ह्यातली आमची मंडळी लहान. तरुण संघात पोरं एकोणीस. रेव्हरंड टिळकांचं भजन पेटी-तबल्यावर असलं की सगळी खुशीत. शास्त्र उघडलं की जांभया. पहिल्या रविवारी मी करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय काढला. प्रीती काय काय सोसते याची पौलानं तिथे यादीच दिली आहे. अडचण एवढीच की संघातल्या एका मुलीचं नावच ते. प्रत्येक वाक्याला अठरा माना तिच्याकडे वळायच्या. पौल चिडण्याचा प्रश्न पाचव्या वचनात निकालात काढतो. तिथवर पोचायच्या आतच ती चिडून बाहेर निघून गेली.

मग खेळ घ्यायचं ठरवलं. त्याला आधार मोठा होता. बास्केटबॉल काढणारे जेम्स नायस्मिथ धर्मशास्त्र शिकलेले गृहस्थ. 1891च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या शाळेत कंटाळलेली पोरं त्यांच्या गळ्यात पडली (पाळकसाहेब सगळीकडे सारखेच असावेत). त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि अठरा जणांना मैदानात सोडलं. पौलाच्या त्या अध्यायातही वचनं तेराच! मला हा दैवी संकेत वाटला. पहिल्याच खेळात डोळे काळेनिळे झाले आणि एकाचा खांदा निखळला, हे नायस्मिथनीच पुढे रेडिओवर सांगितलंय. ते मी नंतर वाचलं.

सुरुवात संगीत खुर्चीनं केली. नेहमीच्या खेळात एकेक जण बाद होतो आणि शेवटी एकटाच खुर्चीवर, बाकी सगळे बाहेर. स्वर्गाचं हे चित्र काही बरं नव्हे. म्हणून नियम उलटा केला : खुर्ची काढायची, माणूस काढायचा नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मावायचं. पाच खुर्च्यांवर एकोणीस जण मावले तेव्हा मला भरून आलं. चारांवर मावले तेव्हा खुर्च्यांना भरून आलं. तीन प्लास्टिकच्या खुर्च्यांचे पाय एकाच वेळी फाकले. खजिनदारांनी प्रीतीबद्दल काही न विचारता खुर्चीचा भाव विचारला.

म्हणून पुढच्या रविवारी बिनखर्चाचा खेळ : लूकच्या पंधराव्या अध्यायातलं हरवलेलं मेंढरू. म्हणजे लपंडावच, पण लपणारा एक आणि शोधणारा मेंढपाळ मी. मेंढरू म्हणून सगळ्यांत बारकं, आठवीतलं, फारसं न बोलणारं पोरगं निवडलं. "लपून बस, मेंढपाळ येतोच," असं सांगून त्याला पाठवलं आणि बाकीच्या अठरांना म्हटलं, तुम्ही नव्व्याण्णव, इथेच बसा.

दाखल्यातला मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून जातो. लहानपणापासून हे ऐकतोय, पण त्या नव्व्याण्णवांची चौकशी मी कधी केली नव्हती. आमच्या रस्त्यानं धनगर मेंढरं घेऊन जातात, एखाद्याला आधी विचारायला हवं होतं. चर्चच्या मागे एक फेरी मारून मी परत आलो तर अंगणात एकही मेंढरू नाही. सगळा कळप एसटी स्टँडवर भेळ खात होता. त्यांना हाकत, दोघांचे पैसे भरत, रस्ता ओलांडून आणेपर्यंत सहा वाजले. मग उपस्थिती घेतली, प्रार्थना केली आणि सगळ्यांना घरी जा म्हटलं.

एवढ्यात पाळकीणबाई वाळलेले कपडे काढायला मागे गेल्या आणि किंचाळल्या. पाण्याच्या टाकीमागे मेंढरू उकिडवं बसलेलं. पाच वाजल्यापासून. डासांनी पाय फोडून काढलेले.

"अरे, मग बाहेर का नाही आलास?"

"सर म्हणाले होते, मेंढपाळ येतोच."

मी खजिनदारांकडे बघितलं, ते आभाळाकडे बघत होते. अठरांपैकी कुणी हसलं नाही. पहिल्या रविवारी चिडून गेलेली ती मुलगी पुढे झाली आणि हातातला भेळेचा उरलेला पुडा त्याला देऊन टाकला. त्यानं तो तिथेच, टाकीला टेकून संपवला.

पुढच्या रविवारी मी लपायचं आणि एकोणीस जणांनी शोधायचं, असा पोरांनी ठराव केला आहे. सातपर्यंत मी घरी पोचलो नाही, तर मंडळीतल्या कुणीतरी कृपा करून टाकीमागे बघावं. येताना एखादी लोखंडी खुर्ची आणली तर उपकार होतील.