पर्यावरण, पास होण्यापुरते

सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली बजावले, पर्यावरण सक्तीने शिकवा. विद्यापीठ अनुदान आयोगाचा अभ्यासक्रम यायला 2003 उजाडले. तेव्हापासून बुलढाण्यातली बी.ए., बी.कॉम.ची पोरं या पेपरात सुखाने पास होतात. सक्तीच्या विषयात नापास करून कोण वैर ओढवून घेणार!

या पेपरातल्या प्रकल्पाचा विषय ठरलेला : जिल्ह्यातलेच लोणार सरोवर. वर रंगीत फोटो, आत मागच्या वर्षीच्या पोराचा मजकूर. कागदाचा नाही, निदान मजकुराचा तरी पुनर्वापर होतो.

खरे तर पर्यावरण-प्रशासनाची पदवी लोणारच्या काठावरच द्यावी. अभयारण्य वन खात्याचे, मंदिरे पुरातत्त्व खात्याची, गावाचे सांडपाणी नगर परिषदेचे, आणि या सगळ्यांना जागे करण्याचे काम उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा मात्र सगळी खाती एकदम काठावर. पुण्याच्या आघारकर संस्थेने खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव दोषी ठरवले. बरे झाले, सूक्ष्मजीवांना कारणे दाखवा नोटीस काढता येत नाही. त्याच वर्षी सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेले.

परीक्षेत विचारतील, हे सरोवर कोणत्या खडकात आहे? बेसॉल्ट. एक गुण. सांडपाणी कोणी अडवायचे, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.