करवतीकडे पोटभाडेकरू

डेल्टा कंपनीची युनिसॉ ही टेबलकरवत अमेरिकेत 1939 साली आली: बिडाचं जड टेबल, पोटात मोटर. जुन्या युनिसॉवर हौशी सुतार आज राउटर, म्हणजे लाकडात खाच पाडणारं यंत्र, बसवतात. का, तर गॅरेजमध्ये जागा वाचते!

त्यासाठी बाजूचा बिडाचा भाग काढायचा, तिथे एमडीएफची फळी जोडायची आणि राउटर उलटा टांगायचा. वजनाने फळीला झोळ येतो. मग खालून लोखंडी अँगल. शिवाय मिनिटाला 20,000 फेऱ्यांच्या पुढे पळणाऱ्या राउटरला मोठं बिट (कापणारं पातं) लावलं, की त्याचा वेग निम्म्यावर आणावा लागतो.

खरी गंमत फेन्सची, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायच्या पट्टीची. दोघांत ती एकच. करवतीसाठी काटेकोर जुळवलेलं माप मोडायचं, राउटरने खाच पाडायची, पुन्हा करवतीसाठी तेच माप शोधत बसायचं. कंटाळून काही जण वेगळं राउटर टेबल आणतात. वाचवलेल्या जागेत ते बरोब्बर मावतं.