रुजवातकार

वर्धा-सेवाग्राम रस्त्याने सायंकाळी फिरावयास निघणाऱ्या सेवानिवृत्त मंडळींत एक गृहस्थ हमखास भेटतात, ज्यांच्या खादीच्या झोळीत किंडल, कोबो आणि मोबाइल अशी तीन यंत्रे नांदतात, आणि ज्यांनी कचेरीत हयातभर केलेली रोजकीर्द-खतावणीची रुजवात आता या तिघांच्या दरम्यान चालविली आहे. किंडल आणि मोबाइल यांचे खाते एक असल्यामुळे त्यांचा संसार बरा चालतो. कोबो मात्र सवतीप्रमाणे दुसरे घर करून राहतो व पलीकडच्या खुणांची दखलही घेत नाही. एकदा नातवाने खेळता खेळता मोबाइलवर शेवटचे पान उघडले, तेव्हा सर्वांत पुढचे पान तेच प्रमाण मानणाऱ्या किंडलने, आजोबा तिसऱ्या प्रकरणात रेंगाळत असता, त्यांना थेट ग्रंथसमाप्तीस नेण्याची तयारी दर्शविली! उलट, खोडून टाकलेले टिपणही किंडलच्या 'माय क्लिपिंग्ज' नामक दफ्तरात कायम राहते, हे कळले त्या दिवशी या जुन्या सरकारी माणसाचा ऊर भरून आला.

पण खरा पेच उद्भवला तो लुई फिशरपायी. हा अमेरिकन पत्रकार १९४२ च्या जूनमध्ये सेवाग्रामला आठवडाभर राहून गेला आणि १९५० मध्ये त्याने लिहिलेले गांधीचरित्र प्रसिद्ध झाले. ते अमेरिकेतील चिरंजिवांनी तिकडच्या ग्रंथालयातून एकवीस दिवसांच्या मुदतीने किंडलवर मिळवून दिले. मुदत सरत आली, वाचन अर्ध्यावर आणि टिपणे दोनशेच्या घरात. तेव्हा कुणा जाणत्याने सल्ला दिला की, फ्लाइट मोड लावा, म्हणजे पुस्तक जागचे हलणार नाही. पुस्तक हलले नाही हे खरे, पण टिपणेही हलेनात. वायफाय लावावे तर पुस्तक जाणार, न लावावे तर सिंक नाही, आणि लावलेच तर आधी टिपणे वर चढतील की आधी पुस्तक उडेल, याचा निर्वाळा कोणी देईना. त्यात मुदतबाह्य ग्रंथ बाळगणे अस्तेयव्रतात बसते काय, ही टोचणी निराळीच. वस्तुतः तिकडच्या दफ्तरी पुस्तक केव्हाच जमा झाले होते आणि पुढच्या वाचकाचे काहीही अडले नव्हते. तरी एकादश व्रतांच्या छायेत वाढलेल्या मनाला एवढ्याने स्वस्थता कुठली!

"अजी, आश्रम तं इथं आठ किलोमीटरवर हाय," सौभाग्यवती म्हणाल्या, "त्याचं पुस्तक अमेरिकेहून कायले आणता?"

यावर उत्तर न देता गृहस्थांनी लाल कापडी बांधणीची वही काढली आणि तीन रात्री जागून सर्व टिपणे, स्थानांकांसह, हाताने उतरवून घेतली. चौथ्या दिवशी वायफाय लागले. पुस्तक गेले, टिपणे मात्र एकूण एक मोबाइलवर अवतरली. ती वहीशी ताडून पाहताना सात ठिकाणी तफावत निघाली. तिचा उलगडा होऊन शेवटच्या पानावर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा व सही पडेपर्यंत फिशरचे उरलेले अर्धे पुस्तक पुन्हा मागविण्याचे कोणालाच सुचले नाही.